सजदा-ए-सहव

इशाच्या नमाजेत तीन रकात झाल्या की चार, हे मला कितीतरी वेळा आठवत नसे. ओठ पढत असायचे आणि मन दहावी 'ब'च्या पेपरांत, शाळेच्या ऑनलाइन माहितीत, नाहीतर गॅसवर ठेवलेल्या दुधात असायचे. मग शेवटी सजदा-ए-सहव. भुलीचे दोन सजदे करायचे आणि जानमाज गुंडाळायची. एकदा सासूबाईंनी तख्तावर बसल्याबसल्या विचारले, "तेरी हर नमाज में सहव कायकू होता गे?" मी हसून वेळ मारून नेली.

त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे एका कुत्र्याच्या पिलामुळे सापडले, असे म्हटले तर वाचणाऱ्यांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल. कुत्रा आणि नमाज हे दोन शब्द आपल्या घरांत एकत्र येतात ते फक्त पाकी-नापाकीच्या मसल्यात. म्हणून जे घडले ते क्रमाने सांगते.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वस्तीच्या कडेला आमचे घर आहे. पुढे ओसरी, तिच्यापुढे अंगण, अंगणात लिंबाचे झाड आणि कुंपणालगत सासूबाईंच्या तीन उस्मानाबादी शेळ्यांचा गोठा. मिस्टर एसटीत चालक आहेत. एक रात्र घरी, तर एक रात्र मुक्कामाच्या गाडीवर. मुलाला घरात सगळे मुन्ना म्हणतात. ही गोष्ट घडली तेव्हा तो चौथीत होता.

मोबाइल माझ्या हाताला चिकटला तो 2020 च्या मार्चपासून. शाळा बंद झाल्या आणि वर्ग व्हॉट्सअॅपवर भरू लागले. घरात एकच फोन असलेली मुले रात्री बाप कामावरून आल्यावर अभ्यास पाठवायची, तो मी अकरा वाजता तपासायची. त्या दिवसांत ते गरजेचे होते. पुढे शाळा सुरू झाल्या, फळ्यापुढे मुले आली, पण मोबाइल हातातून सुटला नाही. शाळेचा ग्रुप, वर्गाचा ग्रुप, मतदार याद्यांच्या कामाचा ग्रुप. प्रत्येक निरोपावर 'तातडीचे' लिहिलेले. जेवताना एक हात भाकरीवर आणि एक फोनवर. मुन्ना शेजारी बसून काहीबाही सांगायचा आणि मी 'हूं' म्हणायची. 'हूं' हा मोठा सोयीचा शब्द आहे. समोरच्याला वाटते ऐकले, आणि आपल्याला ऐकावे काहीच लागत नाही.

2024 च्या डिसेंबरातली गोष्ट. ऊसतोडीचा हंगाम, रस्त्यावर रात्रंदिवस ट्रॉल्या. त्यातल्याच एका ट्रॉलीखाली आमच्या वळणावर एक कुत्री सापडली. तिची पिल्ले ओढ्याकाठच्या झुडपात होती. थंडीने दोन गेली आणि एक उरले. ते मुन्नाने शाळेच्या स्वेटरात गुंडाळून घरी आणले. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, डोळ्यांत चिकटा, जंतांनी फुगलेले पोट. वय फार तर दीड महिन्याचे.

सासूबाई तसबीह बाजूला ठेवून उठल्याच. "अगे, क्या उठा के लाया तेरा पोट्टा! घर में कुत्ता? फरिश्ते आतेच नईं ऐसे घर में. नक्को, जहाँ से लाया वहाँ रख के आ."

मुन्ना एक शब्द बोलला नाही. स्वेटर छातीशी धरून लिंबाखाली उभा राहिला. मीही सासूबाईंच्या बाजूची होते. मला आधीच वेळ पुरत नव्हता, त्यात हे. पण संध्याकाळी मिस्टर ड्यूटीवरून आले आणि सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "अम्मा, पिछले महीने बाजूवालों की बकरी रात में चोरी गयी ना? राखण को रहेगा." सासूबाई गप्प झाल्या. शेळ्या म्हणजे त्यांचा जीव. शिवाय जनावरांच्या आणि शेताच्या राखणीसाठी कुत्रा पाळायला हदीसमध्ये सवलत आहे, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. गुरुवारी बायकांच्या इज्तेम्यात मी आलिमाबाजींना विचारून खात्री करून घेतली. त्या म्हणाल्या, राखणीला ठेवा, घरात नको. हनफी मसलकात त्याची लाळ नापाक. ती लागली तर ती जागा धुवा, कपडा धुवा. कोरडे अंग नुसते लागले तर वुजू तुटत नाही. मग जाताजाता त्यांनी आठवण दिली, की तहानेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची मगफिरत झाल्याचेही हदीसमध्येच आले आहे.

सासूबाईंनी तीन अटी घातल्या. पिल्लू उंबरठ्याच्या आत येणार नाही. त्याचे भांडे वेगळे. आणि त्यांच्या वुजूच्या बधन्याला त्याचे तोंड लागता कामा नये. थंडीचे दिवस होते, म्हणून ओसरीच्या टोकाला एका खोक्यात बारदान घालून त्याची जागा केली. मुन्नाने नाव ठेवले मोती. त्याच्याकडे जाताना चढवायला मी एक जुना गाऊन खुंटीवर वेगळा ठेवला.

कुत्र्याशी माझी आधीची ओळख म्हणजे पावलोवचा कुत्रा. बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात तो हमखास यायचा. घंटा, अन्न, लाळ. आकृती काढून दहा गुण. रशियातल्या त्या शास्त्रज्ञाला 1904 चे नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळाले होते, हेही पाठ होते. पण खरे पिल्लू दिवसभर काय करते, हे कोणत्या नोट्समध्ये नव्हते. ते बहुतेक वेळ झोपते. उठले की लघवी, खाल्ले की लघवी, खेळून थांबले की लघवी. एवढ्या वयाचे पिल्लू दोन तासांच्या वर कळ धरू शकत नाही. ओसरी सासूबाईंच्या बसण्या-पढण्याची, तेव्हा ती स्वच्छ राहिलीच पाहिजे. म्हणजे दर वेळी त्याला उचलून अंगणाच्या कोपऱ्यात न्यायचे, त्याचे होईपर्यंत थांबायचे आणि झाल्याक्षणी शाबासकी द्यायची. शाळेच्या वेळेत हे काम, बडबड करत का होईना, सासूबाई काठीने हाकून करून घ्यायच्या. सकाळ, संध्याकाळ आणि रात्र माझ्या वाट्याला.

पहिले काही दिवस मी कोपऱ्यात फोन घेऊन उभी राहायची. तो हुंगत फिरायचा आणि मी निरोप वाचायची. मान वर करेपर्यंत त्याचे होऊन गेलेले असायचे, नाहीतर न करताच तो ओसरीवर परतलेला असायचा.

एका रविवारी दुपारी जे व्हायचे तेच झाले. सासूबाईंनी धुतलेली जानमाज ओसरीच्या उन्हात पसरली होती. ती त्यांची हजला गेलेल्या भावाने आणलेली. मी तख्तावर बसून शाळेची माहिती भरत होते. मोती उठला, माझ्या पायाशी आला, कुईं कुईं केले, गोल फिरू लागला. मी त्याच्याकडे न बघताच म्हटले, "थांब रे, एक मिनिट." तो पुन्हा आला, माझ्या सलवारीचे टोक ओढले. मी पाय झटकला. नंतर पाहते तर जानमाजेवर ओला डाग.

मी फोन टाकून ओरडले, हात उगारला. तो खोक्यात जाऊन दबून बसला. आतून सासूबाई आल्या. जानमाजेकडे पाहिले, खोक्याकडे पाहिले आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "उसको कायकू मारती? वो तो तेरे को बोल्या था. दो बार बोल्या. तू सुनी नईं."

जानमाज त्यांनी स्वतःच उचलली. मी धुते म्हटले तरी दिली नाही. तीन पाण्यांनी धुतली, दर वेळी पिळली आणि लिंबाच्या फांदीवर वाळत घातली. मला आणखी काही बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून पिलाकडे जाताना फोन आत ठेवायचा, असे मी ठरवले. सुरुवातीला हात रिकामे वाटले. दोन मिनिटेसुद्धा लांबलचक वाटायची. काय पाहायचे, कळत नसे. मग हळूहळू दिसू लागले. करण्याआधी तो नाक जमिनीला लावून दोन फेऱ्या मारतो. लिंबाचे पान पडले तरी कान उभे करतो. त्याला कालचे रागावणे आठवत नाही आणि उद्याची चिंता नाही. तासाभराने रागवाल तर ते कशासाठी, हे त्याला उमगतच नाही; शाबासकी त्याच क्षणी दिली तरच पोचते. हे प्रबलनाचे तत्त्व मी बी.एड.ला सुवाच्य अक्षरात लिहिले होते. पण 'त्याच क्षणी' म्हणजे आपण त्या क्षणी तिथे हजर असले पाहिजे, हा साधा अर्थ तेव्हा लक्षात आला नव्हता.

पहाटे फजरच्या आधी त्याला बाहेर काढावे लागायचे. थंडीत शाल गुंडाळून मी उभी. गोठ्यात शेळ्या रवंथ करत असायच्या, तो आवाज मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. लांबून कारखान्याचा भोंगा. मग मोठ्या मशिदीची अजान आणि ती संपत येता येता दुसऱ्या मोहल्ल्यातली सुरू. रोज कानावर पडणारी अजान मी अशी पहिल्यापासून शेवटपर्यंत किती दिवसांनी ऐकत होते, कोण जाणे.

जानेवारीत, तो तीन महिन्यांचा होत आला तेव्हा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला रेबीजची लस दिली. त्याच आठवड्यातली संध्याकाळ. मगरिबनंतर मी त्याला पाहायला बाहेर आले तर खोके रिकामे. गोठ्यामागून मुन्नाचा आवाज येत होता. मी हाक मारणार होते, पण थांबले. तो मोतीशी बोलत होता.

"मोती, तेरे को दूर का दिखता क्या रे? मेरे को नईं दिखता. सर बोर्ड पे क्या लिखते, सब पानी पानी दिखता. बाजूवाले की कापी में देख के लिखता मैं. सर बोले, नकल करता. अम्मी को बोल्या मैं. दो बार बोल्या. अम्मी हूं बोली."

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग हळूच, "रमजान में छत पे सब चाँद दिखा, चाँद दिखा बोले ना, तो मैं भी दिखा बोल्या. झूट बोल्या. अल्लाह माफ करेगा ना रे?"

मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. पुढे जायचे धाडस झाले नाही.

पुस्तक डोळ्यांजवळ धरणे, डोळे बारीक करून पाहणे, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे. दृष्टिदोष असलेले मूल कसे ओळखावे, यावर मी परीक्षेत टीप लिहिली आहे. पालकसभेत दर वर्षी मी आयांना सांगते, बाई, मुलांकडे लक्ष द्या. आणि माझा स्वतःचा मुलगा वर्गात नकलेचा ठपका सोसत होता. घरी त्याने दोनदा सांगितले होते. ते कधी सांगितले, मी तेव्हा काय करत होते, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवले नाही. जे ऐकलेच नव्हते ते आठवणार कसे? त्याला हातभर अंतरावरचे तेवढे स्वच्छ दिसायचे. पिल्लू त्या हातभर अंतरात मावत होते. मी त्याच घरात असून दूर कुठेतरी धूसर होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्याला सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांना उणे दोनच्या वर नंबर निघाला. डॉक्टर म्हणाले, एकदोन वर्षे तरी असणार. परतताना एसटीत मी त्याला म्हटले, "बेटा, तू दो बार बोल्या था, मैं सुनी नईं. मेरी गलती." तो खिडकीबाहेर पाहत होता. म्हणाला, "तीन बार, अम्मी." पुढे गावापर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही. त्याच्या वर्गशिक्षकांना जाऊन भेटले. ते भले माणूस. त्यांनी त्याला जवळ घेतले, पुढच्या बाकावर बसवले.

चष्मा आला फेब्रुवारीत. 2025 च्या मार्चच्या 1 तारखेला, शनिवारी, रमजानचा चाँद पाहायला आम्ही सगळे गच्चीवर गेलो. सासूबाई गुडघे धरत जिना चढल्या. मोती खाली जिन्याच्या पहिल्या पायरीशी बसून राहिला. पश्चिमेला शुक्र झळकत होता. आसपासच्या गच्च्यांवरून गलका उठला. मुन्ना मात्र काही बोलला नाही. चष्मा नीट करून तो बघत राहिला, बराच वेळ. मग माझा हात ओढून म्हणाला, "अम्मी, इत्ता बारीक रहता?" मी तेव्हा चंद्राकडे पाहत नव्हते, त्याच्याकडे पाहत होते. नंतर दोघांनी हात उचलून दुआ मागितली. त्याने काय मागितले, विचारले नाही.

त्या रमजानमध्ये इज्तेम्यात आलिमाबाजींनी हुजूर-ए-कल्बवर बयान केले. इमाम गझालींनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये नमाजेच्या आतल्या बाजूचा विचार करताना हीच गोष्ट सर्वांत आधी घेतली आहे: मनाचे हजर असणे. आणि मन हजर कसे राहते, तर जिथे माणसाची फिकीर असते तिथे ते आपोआप जाते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय बाजींनी सांगितला. मला एकदम जानमाजेवरचा तो डाग आठवला. ओसरी ओली होऊ नये याची फिकीर लागली तेव्हा मी पिलाचा श्वाससुद्धा ओळखू लागले. मुन्नाची फिकीर मला नव्हती असे नाही. पण ती फीच्या, डब्याच्या, मार्कांच्या रूपात होती. समोर बसलेल्या मुन्नाची फिकीर कुठेतरी राहून गेली होती. आणि नमाजेत ज्याच्यापुढे उभी राहत होते त्याचीही.

शुक्रवारी सासूबाई सूर-ए-कहफ पढतात. एका जुम्म्याला त्या ओसरीवर तख्तावर बसून पढत होत्या आणि मोती उंबरठ्याबाहेर पुढचे दोन्ही पाय पसरून पडला होता. आत न येण्याची अट त्याने एव्हाना पक्की पाळली होती. पढता पढता त्या मध्येच थांबल्या. अस्हाब-ए-कहफचा कुत्रा गुहेच्या तोंडाशी असाच पाय पसरून बसल्याचे वर्णन त्या सूरेत आहे. तीनशे नऊ वर्षे ती माणसे झोपली आणि तो दारात होता. त्यांची संख्या सांगताना कुराणात त्यालाही मोजले आहे. सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा पढू लागल्या. संध्याकाळी भाकरीचा तुकडा टाकताना त्यांची हाक ऐकू आली, "ले रे कितमीर, खा." तफसीरमध्ये त्या कुत्र्याचे हेच नाव सांगतात. तेव्हापासून आमच्याकडच्या कुत्र्याला दोन नावे आहेत. सासूबाईंनी त्याला आजवर हात मात्र लावलेला नाही, आणि बधना अजूनही उंच कोनाड्यात असतो.

मोती आता मोठा झाला आहे. रात्री गोठ्यापाशी झोपतो, अनोळखी पावलाला भुंकतो. दोन दोन तासांनी सलवार ओढणारे आता कोणी नाही, म्हणून मला जास्त सांभाळावे लागते. फोन सुटलेला नाही. शाळेची कामे तशीच आहेत. जेवताना तो आत कपाटावर ठेवते, एवढे जमले आहे. कधी कधी तोंडातून 'हूं' निघून जातो. मग मुन्ना चष्म्यातून बघत म्हणतो, "अम्मी, हूं नक्को." मी हातातले टाकून त्याच्याकडे वळते आणि म्हणते, "फिर से बोल."

इशाला अजूनही कधी रकात चुकतात. पूर्वी सजदा-ए-सहव करताना मला स्वतःची शरम वाटायची. आता वाटते, केवढी मेहरबानी आहे ही! माणूस भुलणार, हे आधीच धरून भुलीचा इलाज नमाजेतच ठेवला आहे. अट एकच, तो नमाज संपायच्या आत करायचा असतो. मुन्ना अजून लहान आहे. शेजारच्या खोलीतून त्याच्या पाठ म्हणण्याचा आवाज येत असतो, दाराबाहेर मोती पाय पसरून पडलेला असतो, आणि मी ते दोन सजदे सावकाश करते.